शीटमधली लिंक निळी का होत नाही?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट ड्राइव्हवर असतो, पुतण्याने पायथनमधून एपीआय (प्रोग्रामने शीटशी बोलायची सोय) वापरून त्यांच्या लिंका गूगल शीटमध्ये टाकल्या, पण सेलमध्ये अख्खा फॉर्म्युलाच दिसतो, क्लिक काही होत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, फॉर्म्युला बहुतेक बरोबरच असणार, घोळ पाठवताना होतोय. मजकूर पाठवताना जो व्हॅल्यू इनपुट ऑप्शन द्यायचा असतो, तो 'रॉ' असला की गूगल आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवतं, तो 'युजर एंटर्ड' करा म्हणजे हाताने टाइप केल्यासारखं धरतं आणि हायपरलिंकचा फॉर्म्युला चालतो, आधी पत्ता, मग स्वल्पविराम, मग 'लॉट १२ रिपोर्ट' असं नाव, दोन्ही डबल कोट्समध्ये.

एका सेलमध्ये दोन रिपोर्ट हवे असतील तर मात्र फॉर्म्युला कामाचा नाही, तिथे एपीआयच्याच बॅच अपडेट या रिक्वेस्टमधून टेक्स्ट फॉरमॅट रन्स द्यायचे, म्हणजे कितव्या अक्षरापासून कुठली लिंक ते सांगायचं, आणि मोजणी शून्यापासून बरं का. सेलच्या माहितीत 'हायपरलिंक' नावाचं फील्ड दिसेल, त्याच्या नादी लागू नका, ते नुसतं वाचायला आहे.

आणि सीझनला शेकडो लॉट असतात तेव्हा एकेक ओळ पाठवत बसू नका, एका युजरला मिनिटाला ६० राइट रिक्वेस्टचीच (शीटमध्ये लिहायच्या विनंत्यांची) मुभा आहे, पुढे ४२९ म्हणजे मर्यादा ओलांडल्याचा एरर येतो. सगळ्या ओळी एकाच रिक्वेस्टमध्ये जातात की!

लिंक उघडली तरी 'अ‍ॅक्सेस मागा' आलं तर ते ड्राइव्हच्या शेअरिंगचं काम, शीटचं नाही.