नागपुरात एम.एस्सी. करताना तरुण ताऱ्यांचे उद्रेक क्ष-किरणांत अभ्यासायचे, तर कोणत्या अवकाश दुर्बिणीवर वेळ मागावा?

पहिल्या वर्षी कोणत्याच नाही. आधी चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन आणि स्विफ्ट या अवकाश दुर्बिणींचा जुना डेटा उतरवून घ्या. तो फुकट आहे आणि नागपुरात बसून मिळतो. ‘दुसऱ्याच्या डेटावर कसलं संशोधन?’ असं कुणीतरी ऐकवेलच. मला ते साफ अमान्य आहे, आणि कारण म्हणून व्ही१६४७ ओरायनिस हा एकच तारा पुरे.

मृगात, एम७८ तेजोमेघाजवळ तो आहे. जानेवारी २००४ मध्ये जे मॅक्नील या अमेरिकी हौशी निरीक्षकाला ३ इंची दुर्बिणीने तिथे नवा तेजोमेघ सापडला. मार्चमध्ये चंद्राने पाहिलं तर क्ष-किरण सुमारे ५० पट वाढलेले. पण ५० पट कशाच्या? उद्रेकाची कुणकुणही नसताना, नोव्हेंबर २००२ मध्ये चंद्राने तो भाग टिपून ठेवला होता, म्हणून हा आकडा काढता आला. पुढे दृश्य प्रकाश ओसरला तसे क्ष-किरणही ओसरले. २००८ मध्ये दोन्ही पुन्हा चढले. त्यानंतर चंद्रा, एक्सएमएम आणि जपानची सुझाकू या तीन दुर्बिणींची वेगवेगळ्या वर्षांची निरीक्षणं एकत्र जुळवल्यावर ताऱ्याचा स्वतःभोवती फिरण्याचा काळ जवळपास एक दिवस निघाला. एकट्या दुर्बिणीवर एकदा वेळ मागून हे झालं नसतं.

फ्लेअर (ताऱ्यावरचा चुंबकीय भडका) आणि उद्रेक यांत गल्लत करू नका. फ्लेअर काही तासांत विझतो, ताऱ्यावर वस्तुमान कोसळून होणारा उद्रेक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. स्विफ्टची पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण दीड तासाची आणि निरीक्षण तुकड्यातुकड्यांनी होतं, त्यामुळे एका भेटीतली वाढ म्हणजे काहीच सिद्ध नाही. शांत काळात शून्य काउंट (नोंदलेले क्ष-किरण कण) असतील तर ‘दिसला नाही’ लिहून सोडू नका. पार्श्वभूमी नगण्य असेल तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ३ काउंटची, तिला एक्स्पोजरने (निरीक्षणाच्या वेळाने) भागा.

सगळ्यात जास्त घोळ वर्णपटात होतो. २०-३० काउंटवर काय-स्क्वेअर (χ²) कसोटी लावू नका, एक्सस्पेक या वर्णपट जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कमी काउंटसाठीचं कॅश स्टॅटिस्टिक घ्या. ताऱ्याभोवतीचे धूळ-वायू १ केईव्ही (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) खालचे किरण गिळतात, म्हणून फिट हमखास ‘शोषण प्रचंड, तापमान कमी’ या कोपऱ्यात घसरतो आणि मूळ तेजस्विता अवाच्या सवा येते. शोषण शक्यतो इन्फ्रारेडवरून ठरवून गोठवा. तापमान काही कोटी केल्व्हिन आलं तर ते नुसत्या पडणाऱ्या वायूच्या धक्क्याचं नाही, तो धक्का वीसतीस लाखांपाशी थांबतो. तिथे चुंबकीय पुनर्जोडणी (चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळणं) धरावी लागते.

स्विफ्टमध्ये काउंट मोजायचं नेहमीचं वर्तुळ २० पिक्सेल, म्हणजे ४७ आर्कसेकंद त्रिज्येचं असतं. तारकागुच्छात शेजाऱ्याचे काउंट त्यात शिरतात, म्हणून आधी चंद्राच्या चित्रावर शेजारी मोजा. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीचा ठिपका तर काही आर्कमिनिटांचा. एकट्या, तेजस्वी ताऱ्यांसाठी ती चांगली, मृगातल्या गर्दीत नको.

हे करूनही वेळ मागायचाच असेल तर पंचांग बघा. मृग नक्षत्र लागतं तेव्हा सूर्य तिथेच असतो, आणि या दुर्बिणी सूर्याजवळ वळवता येत नाहीत. व्ही१६४७ स्विफ्टला साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेर बंद. एक्सएमएमला तो फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा एवढाच दिसतो.