फायररेडच्या हॅकमध्ये सेव्ह होत नाही

प्रश्न: पोकेमॉन फायररेड या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या गेमवर पॅच (बदलांची फाइल) लावून बनवलेला हॅक, म्हणजे चाहत्यांनी बदललेला गेम, मोबाइलवर इम्युलेटरमध्ये (कन्सोलची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये) खेळतो. सुरुवातीलाच ‘१एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. गेममधलं सेव्ह होत नाही, इम्युलेटरची सेव्ह स्टेट (त्या क्षणाची गेमची जशीच्या तशी स्थिती साठवणारी सोय) मात्र चालते. काय करावं?

उत्तर: बहुतेक वेळा दोष हॅकचा नसतो, इम्युलेटरने सेव्हचा प्रकार चुकीचा धरलेला असतो. फायररेडच्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी १ मेगाबिटची, म्हणजे १२८ केबीची फ्लॅश चिप होती. इम्युलेटर ६४ केबी धरून बसला, की गेमला ती चिप सापडत नाही.

सेटिंग्जमध्ये सेव्ह टाइप ‘ऑटो’वरून ‘फ्लॅश १२८के’ करा. रॉमच्याच (गेमच्या फाइलच्याच) नावाची जुनी एसएव्ही, म्हणजे सेव्हची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, कारण काही इम्युलेटर तिच्या आकारावरूनच प्रकार ठरवतात. मग गेम पूर्ण बंद करून नव्याने सुरू करा. सूचना आली नाही, तर स्टार्ट मेनूतून सेव्ह करून नव्या फाइलचा आकार पाहा: १,३१,०७२ बाइट हवेत. ६५,५३६ दिसले, तर सेटिंग लागू झालेलं नाही.

आता महत्त्वाचं: जुनी स्टेट लोड करू नका. चिप आहे की नाही, हे गेम सुरू होतानाच तपासून मेमरीत नोंदवतो आणि स्टेट ती ‘नाही’ची नोंदही परत आणते. त्यामुळे आधीची प्रगती सोडून नवा गेम सुरू करावा लागेल. वाईट वाटेल, पण पुढे हॅकची नवी आवृत्ती आली, की स्टेट तशीही भरवशाची राहत नाही.

एवढं करूनही सूचना आलीच, तर पॅच कोणत्या रॉमसाठी आहे ते तपासा. फायररेडच्या १.० आणि १.१ अशा दोन आवृत्त्या आहेत, १.० साठीचा पॅच १.१ वर लावला तर गेम बिघडतो.