‘रनिंग ॲप्स’ची एरर आली म्हणून उबुंटू पुन्हा टाकू नका
घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर अपडेट करताना दिसणाऱ्या ‘कॅनॉट रिफ्रेश स्नॅप-स्टोअर, हॅज रनिंग ॲप्स’ याचा अर्थ एवढाच, की सॉफ्टवेअरचं दुकान (स्नॅप-स्टोअर) स्वतःलाच अपडेट करू पाहतंय आणि ते स्वतःच चालू आहे. बसलेल्या फांदीवर करवत! खिडकी बंद केली तरी ते मागे चालूच राहतं. म्हणून टर्मिनलमध्ये (जिथे कमांड टाइप करतात तिथे) आधी ‘किलऑल स्नॅप-स्टोअर’, मग ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’. (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.) मी पहिल्यांदा ही एरर पाहिली तेव्हा अख्खी सिस्टीम पुन्हा टाकली होती, रविवार गेला.

फायरफॉक्सचा गोंधळ वेगळा. उबुंटू २२.०४ पासून ‘ॲप्ट’ने (उबुंटूची इन्स्टॉल करायची नेहमीची कमांड) फायरफॉक्स मागितलं तरी येतं स्नॅपच, म्हणजे नव्या प्रकारचं पॅकेज. जुन्या पद्धतीचं डेब पॅकेज नावापुरतं उरलंय, आत ब्राउझर नाहीच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०२४ च्या सुरुवातीला स्वतःची डेब रिपॉझिटरी (पॅकेजचा ऑनलाइन साठा) दिली आहे, ती जोडता येते. पण इथे बहुतेक जण अडकतात: उबुंटूच्या त्या पोकळ पॅकेजचा व्हर्जन नंबर ‘१:१स्नॅप१’ असा सुरू होतो. कोलनच्या आधीचा एक म्हणजे ‘इपॉक’, तुलना सगळ्यात आधी त्याचीच होते, आणि त्याच्यापुढे मोझिलाचा व्हर्जन १२२ सुद्धा लहान ठरतो! त्यामुळे ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये मोझिलाच्या रिपॉझिटरीची पिन-प्रायॉरिटी (तिला किती प्राधान्य द्यायचं तो आकडा) १००० करा, नाहीतर पुढच्या अपडेटला स्नॅप परत हजर.

फायरफॉक्सचं स्नॅप काढण्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड तेवढे एक्सपोर्ट करून ठेवा, त्याचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरमध्ये असतं.