वाचकांचे प्रश्न : रताळ्याचे वाण, बेणे आणि बाजार

प्रश्न : कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थ दोन्हीकडे विचारले. लाल किंवा पांढरी, एवढेच उत्तर मिळते. आतून केशरी असणारे ‘भू सोना’ कुठे मिळेल?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मंडईत नावानिशी मिळणे कठीण. चंदगड आणि बेळगाव पट्ट्यातला शेतकरी वेल शेजारपाजारून आणतो, आणि बाजारात पोत्याचा भाव ठरतो सालीचा रंग, आकार नि ताजेपणा बघून. वाणाचे नाव पोत्याबरोबर येतच नाही. मागणीही आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र या उपवासांभोवतीची. त्या गर्दीत गराचा रंग कोण विचारतो!

सालीवरून गर कळत नाही. लाल सालीच्या आतही पांढरा गर असतो. टोकाला नखाने जरा खरवडून पाहा. गर केशरी नसेल तर तिथेच दिसेल, आणि पांढरा चीक चटकन सुटला तर माल ताजा आहे असे समजा.

‘भू सोना’ हा तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचा वाण. त्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 14 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. जांभळ्या गराचा ‘भू कृष्णा’ही तिथलाच. संस्थेकडे किंवा तिच्या भुवनेश्वर केंद्राकडे थोड्या बेण्याची चौकशी करा आणि पुढे घरीच वाढवा. शक्यतो कंद मागवा. वेल प्लॅस्टिकमध्ये बांधून आले तर वाटेतच घामेजून काळे पडतात. वेलच मिळणार असतील तर ओलसर गोणपाटात बांधायला सांगा. केवळ चांगले उत्पन्न हवे असेल तर दापोली विद्यापीठाचा ‘कोकण अश्विनी’ जवळचा.

प्रश्न : बाजारातले रताळे लावून बेणे करता येते का? गेल्या वर्षी उसाच्या रानात लावले, वेल माजला, कंद मात्र बोटाएवढे.
– एक वाचक, कागल

उत्तर : बेणे होते, पण कंद थेट शेतात लावू नका. महाशिवरात्रीच्या सुमारास सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे, भोक नसलेले कंद निवडून मार्चमध्ये वाफ्यात 20 ते 25 सें.मी. अंतरावर लावा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी निघालेले वेल कापून दुसऱ्या वाफ्यात वाढवा, म्हणजे जूनअखेरीला लावणीपुरते बेणे हाती येते. शेंड्याकडचे 20 ते 30 सें.मी.चे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे घ्या. बुडखा टाळा, कारण सोंडकिडा (कंद पोखरणारी कीड) बहुधा त्यातूनच नव्या रानात येतो. तुकडे दोन दिवस सावलीत ठेवले की मुळ्या लवकर फुटतात. लावणी वरंब्यावर 60 बाय 20 सें.मी., एकरी साधारण 33 हजार तुकडे.

आता तुमचा वेल का माजला ते. उसाला टाकलेला युरिया जमिनीत शिल्लक राहतो. नत्र जास्त झाले की सगळा जोर पाल्याला जातो आणि कंद पोसत नाहीत. त्यात काळे रान पाणी धरते, मुळांना हवा मिळत नाही. निचऱ्याचे तांबडे, हलके रान निवडा, युरिया आवरता घ्या, पालाश कमी पडू देऊ नका. वेल अधूनमधून उचलून पालटा, नाहीतर प्रत्येक पेरातून मुळ्या सुटून बारीक बारीक कंद धरतात. महिन्याने आणि दोन महिन्यांनी मातीची भर द्या. वरंब्याला भेग पडली की सोंडकिडा तिथूनच कंदापर्यंत जातो, आणि असे रताळे शिजवल्यावर कडू लागते. ते जनावरांनाही घालू नका. काढणी साडेतीन ते चार महिन्यांत करा. उशीर केलात तर कीड वाढते.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेली रताळी शिजवूनही मध्ये टणक का राहतात?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : थंडी लागून. 12-13 अंशांखाली रताळे बिघडते. न धुता, माती झटकून, हवेशीर टोपलीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. ओरखडा पडलेली आधी खाऊन टाका.