मुलीने नेफ्रॉलॉजी घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला नेफ्रॉलॉजी (किडनीच्या आजारांची ब्रँच) करायचीय आणि घरचे म्हणतायत कार्डिओलॉजी घे, किडनीवाल्यांना जन्मभर डायलिसिसच बघावं लागतं. मी या ब्रँचमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रस्ता लांब आहे हे खरंच. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी 3, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी आणखी 3, त्यात बॉन्डची सक्तीची नोकरी आणि परीक्षेची गॅप आली की तिशी सहज ओलांडते.

पण 'डायलिसिसच' हे अजिबात खरं नाही. पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट येतात, गावाकडून घोणस चावलेले येतात, लघवी बंद, रक्तातलं पोटॅशियम 7 म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं, ईसीजी बिघडलेला, रात्री धावतपळत डायलिसिस लावायचं आणि यातले बरेच जण काही आठवड्यांत मशीनवरून सुटतात, स्वतःच्या पायांनी घरी जातात. शिवाय ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्तीच किडनीवर उलटते तो आजार), नेफ्रोटिकवाली म्हणजे लघवीतून प्रोटीन जाऊन अंगावर सूज येणारी तरुण मुलं, किडनी ट्रान्सप्लांट. ज्याला मेडिसिन मनापासून आवडतं त्याच्यासाठी ही ब्रँच आहे, आणि एकेक पेशंट वर्षानुवर्षं आपला राहतो.

माझं म्हणणं, ब्रँचपेक्षा सेंटर नीट निवडा. काउन्सेलिंगच्या आधी तिथल्या रेसिडेंट्सना फोन करून विचारायला सांगा, बायोप्सी स्वतःच्या हाताने करायला मिळते का, कॅडेव्हर म्हणजे मृत दात्याच्या किडनीचे ट्रान्सप्लांट होतात का, पोटाचं डायलिसिस (मशीनऐवजी पोटात द्रव सोडून करतात ते) शिकवतात का? नुसतं डायलिसिस युनिट सांभाळायला लावणारी जागा असेल तर नको. फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोटं ठेवून थरथर कमी झालीय हे वेळेत ओळखणं, म्हणजे फिस्टुला बंद पडायच्या आधी काही करता येतं, हे पुस्तकातून येत नाही, रोज हात लावूनच येतं.

पैशाचं म्हणाल तर सुरुवात हळू असते. स्वतःचं युनिट लगेच जमत नाही, 4 तासांच्या एका डायलिसिसलाच साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, म्हणजे आरओ प्लांट, मशीन, टेक्निशियन सगळं आलं. बहुतेक जण आधी हॉस्पिटलला अटॅच होतात. पण जिल्ह्याच्या ठिकाणी नेफ्रॉलॉजिस्टची फार गरज आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी तास न् तास एसटीने प्रवास करणारे पेशंट मी बघते. तिची मोठ्या शहराबाहेर राहायची तयारी असेल तर काम कमी पडणार नाही.

कार्डिओलॉजी चांगलीच आहे, पण तिचं मन किडनीत असेल तर कृपया अडवू नका.