जो पटर्नो यांनी वरिष्ठांना कळवले होते, मग त्यांना दोष देणे योग्य आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पटर्नो यांनी माजी सहकाऱ्याविषयीची, लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची तक्रार वरिष्ठांच्या कानावर घातली होती, त्यांच्यावर कधी गुन्हाही दाखल झाला नाही आणि काढून घेतलेले विजयही पुढे परत मिळाले. मग त्यांना दोष देणे हा अन्याय नाही का? २०११ च्या नोव्हेंबरमध्ये हे प्रकरण फुटले तेव्हा मी त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो आणि पहिले काही आठवडे मलाही हा अन्यायच वाटत होता. आज तसे वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते आरोपी नव्हते, हे मला मान्य आहे. परंतु त्या मुलांप्रती त्यांची जी जबाबदारी होती, ती त्यांनी पार पाडली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पटर्नो त्या गावात काय होते, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. ते १९५० मध्ये साहाय्यक म्हणून आले, १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि ४६ हंगामांत त्यांनी ४०९ सामने जिंकले. खेळाडूने अभ्यास सांभाळलाच पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी या कुटुंबाने पदरचे पैसे दिले होते आणि ग्रंथालयाच्या नव्या इमारतीला त्यांचेच नाव आहे. मी रोज तिथेच अभ्यासाला बसत असे. एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या स्टेडियमबाहेर विद्यार्थी तिकिटाच्या पुढच्या जागांसाठी तंबू ठोकून राहत आणि त्या वस्तीला ‘पटर्नोव्हिल’ म्हणत.

जेरी सँडस्की हा त्यांचा अनेक वर्षांचा साहाय्यक. त्याने १९७७ मध्ये अडचणीतल्या मुलांसाठी एक संस्था काढली आणि त्याच संस्थेतून त्याला मुले मिळत गेली. १९९८ मध्ये एका आईने विद्यापीठाच्या पोलिसांकडे तक्रार केली, चौकशी झाली, पण खटला भरला गेला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, तरी विद्यापीठाच्या क्रीडा इमारतींत वावरण्याची मुभा त्याच्याकडे राहिली. फेब्रुवारी २००१ मधल्या एका शुक्रवारी रात्री माइक मॅक्वेरी या तरुण साहाय्यकाने संघाच्या इमारतीतील न्हाणीघरात त्याला एका लहान मुलासोबत पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पटर्नो यांना फोन केला. मॅक्वेरी यांनी न्यायालयात सांगितले की, पटर्नो यांना आधी वाटले हा नोकरीसाठीच येतोय, म्हणून ‘नोकरी नाही, त्यासाठी येऊ नकोस’ असे ते म्हणाले. मग तो त्यांच्या घरी गेला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि काय पाहिले ते सगळे तपशील न देता, पण समजेल अशा शब्दांत त्याने सांगितले. ऐकून पटर्नो खुर्चीत मागे टेकले. ‘तुला हे पाहावे लागले याचे मला वाईट वाटते,’ अशा अर्थाचे काही ते बोलले. पुढे जानेवारी २०११ मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) पटर्नो यांनी स्वतःच सांगितले की, तो प्रकार लैंगिक स्वरूपाचा असल्याचे त्यांना कळले होते.

रविवारी त्यांनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांना सांगितले. आपण ज्याला ‘कळवले होते’ म्हणता, ते एवढेच. पुढे कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांनी पोलिसांकडे किंवा बालकल्याण खात्याकडे न जाता सँडस्कीला ‘मुलांना इथे आणू नकोस’ एवढे बजावण्याचे ठरवले. हे ठरण्याआधी आपण ‘जो’ यांच्याशी बोललो, असे कर्ली यांच्या ई-मेलमध्ये आहे. त्या बोलण्यात काय झाले, यावर पटर्नो कुटुंब आणि विद्यापीठाने नेमलेले चौकशी अधिकारी लुई फ्री यांच्यात टोकाचे मतभेद आहेत.

मी माझे मत त्या ई-मेलवर उभे करत नाही. पटर्नो यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की, त्यांनी वरिष्ठाला सांगितले आणि नियमही तोच होता. पण हे वरिष्ठ कागदावरचे होते. २००४ मध्ये हेच स्पॅनियर आणि कर्ली पटर्नो यांच्या घरी जाऊन ‘आता निवृत्त व्हा’ असे सुचवायला गेले होते, तेव्हा पटर्नो यांनी नकार दिला आणि दोघांना हात हलवत परतावे लागले. ज्या माणसाला त्याचे साहेब घरी पाठवू शकत नव्हते, त्याने एका मुलाच्या बाबतीत मात्र ‘मी साहेबांना सांगितले होते’ म्हणून थांबणे मला पटत नाही. त्यांनी फोन उचलून गावातल्या पोलीस प्रमुखाला एक वाक्य सांगितले असते, तर ते वाक्य दडपण्याची छाती त्या गावात कोणाचीही नव्हती.

आणि विषय त्या रविवारी संपत नाही. पुढची दहा वर्षे मॅक्वेरी त्यांच्याच हाताखाली काम करत होता आणि सँडस्की गावातच, संघाच्या आसपास दिसत होता. ‘त्या मुलाचे पुढे काय झाले? तो कोण होता?’ हे शोधून काढण्याचा आग्रह कोणी धरला नाही. सँडस्कीविरुद्धचा तपास सुरू झाला तो २००८ मध्ये एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या आईने तोंड उघडल्यामुळे. फेब्रुवारी २००१ मध्ये या शाळकरी मुलाची सँडस्कीशी ओळखही झालेली नव्हती. मला ही एकच गोष्ट सर्वांत जास्त छळते.

९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री विश्वस्तांनी पटर्नो यांना फोनवरून बडतर्फ केले. त्याच दिवशी पटर्नो यांनी निवेदनात म्हटले होते की, मागे वळून पाहताना आपण अधिक काही करायला हवे होते असे वाटते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला असा निरोप फोनवर देणे अशोभनीय होते, हे मी आजही म्हणतो. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एका वृत्तवाहिनीची गाडी त्यांनी उलटवली. मी गर्दीच्या कडेला उभा होतो आणि पटर्नो यांच्या नावाच्या घोषणेत माझाही आवाज होता. दोन दिवसांनी, शुक्रवारी, मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर पीडित मुलांसाठी मेणबत्त्या लावायला लोक जमले. तिथे उभे असताना लक्षात आले की, आठवडाभर आम्ही ‘जोपां’विषयी (पटर्नो यांचे लाडके नाव) बोलत होतो आणि मुलांविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

विजय परत मिळाले, हा आपला मुद्दा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. एनसीएए या क्रीडा संघटनेने २०१२ मध्ये १९९८ पासूनचे विजय काढून घेतले आणि सहा कोटी डॉलरचा दंड केला. जानेवारी २०१५ मध्ये विजय परत आले ते त्या दंडावरून चाललेल्या एका दाव्यातील तडजोडीमुळे. पटर्नो काय चुकले वा चुकले नाहीत, याचा निवाडा त्यात झालाच नाही. (सामने खेळाडूंनी जिंकले होते, ते पुसून टाकणे मला मुळातच चुकीचे वाटले होते.) फ्री अहवालाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. पटर्नो २२ जानेवारी २०१२ रोजी कर्करोगाने वारले आणि त्यांची मुलाखत होऊच शकली नाही. म्हणून त्यांनी ‘ठरवून लपवले’ असे मी म्हणणार नाही. सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरून किमान तीस वर्षांची शिक्षा भोगतो आहे, तर कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर २०१७ मध्ये मुलांना धोक्यात घातल्याबद्दल दोषी ठरले.

‘वरिष्ठाला सांगितले की झाले’ ही पळवाट पेनसिल्व्हेनियाने या प्रकरणानंतर कायदा बदलून बंद केली. शिक्षक-प्रशिक्षकांना आता थेट यंत्रणेकडेच कळवावे लागते. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पटर्नो यांचा ब्राँझचा पुतळा जुलै २०१२ मध्ये स्टेडियमसमोरून हलवला गेला, ते योग्यच झाले. ग्रंथालयावरचे नाव अजून आहे आणि ते राहावे, असे मला वाटते, कारण ती देणगी खरी होती. पुतळ्यामागच्या भिंतीवर मात्र त्यांच्या नावाखाली ‘शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी’ अशी अक्षरे होती आणि त्याचे अनावरण झाले ते नोव्हेंबर २००१ मध्ये, स्वयंपाकघरातल्या त्या शनिवारानंतर नऊ महिन्यांनी.