तो किस्सा पुन्हा सांगा

"ताई, मी पायदळातून २०१२ साली सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यात. मुलगा फौजेत कॅप्टन आहे, वय २८. दिवाळीच्या सुट्टीत आला, तेव्हा मी स्थळांचा विषय काढला. तर म्हणाला, 'आबा, मी गे आहे. मी लग्न करणार नाही.' तेव्हापासून त्याची आई नीट जेवत नाही, मी त्याच्याशी बोललेलो नाही. फौजेत हे चालत नाही आणि कधी चालणारही नाही. आमच्या कंपनीतही मागे एका शिपायाला याच कारणावरून घरी पाठवलं होतं, स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. तो किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मुलाला नोकरी सोडायला सांगू, की लग्न लावून दिलं तर सुधारेल? मार्ग दाखवा."
– एक माजी सैनिक

सुभेदारसाहेब,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले. किस्सा.

घरातल्या सगळ्यांना पाठ व्हायला एखादी गोष्ट किती वेळा सांगावी लागते? तुम्ही सुट्टीवर यायचात, ओसरीवर भाऊबंद जमायचे, कँटीनची बाटली उघडायची आणि कोणीतरी म्हणायचं, 'ते त्या पोराचं सांग की.' हे मी मनानं लिहितेय, तुमच्याकडे जरा वेगळं असेल. पण ऐकणाऱ्यांत तुमचा मुलगा होता. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याला त्यातलं काही कळलं नसेल. तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळं कळलं असेल. कुठल्या वाक्याला मोठी माणसं हसतात हे त्याला माहीत होतं. त्या वाक्याला तोही हसला असणार, कारण न हसणाऱ्याकडे सगळे वळून बघतात.

तो किस्सा पाठ असलेला मुलगा एसएसबीला, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवडीला, गेला. अकादमीचं प्रशिक्षण पुरं करून खांद्यावर तारे लावून आला. फौज आपल्यासारख्याला कसं घरी पाठवते, हे त्यानं बापाच्या तोंडून ऐकलं होतं, तरी गेला. आणि एवढं मनात घेऊन जगल्यावर, ज्या माणसानं तो किस्सा सांगितला त्याच्याच समोर बसून त्यानं 'आबा' म्हणून खरं सांगितलं. तुम्ही आयुष्यभर माणसं हेरलीत, साहेब. यात काय दिसतं तुम्हाला? मला तर तुमच्यावरचा विश्वास दिसतो, आणि तुम्ही तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत याचा मला मनापासून राग येतो. त्याची आई जेवत नाही हे वाचलं. त्या जेवतील. मला काळजी आहे ती जो मेसमध्ये सगळ्यांच्या बरोबरीनं जेवतोय आणि कोणाला काही सांगू शकत नाही, त्याची.

लग्नाचं एका ओळीत संपवते. दुसऱ्याची लेक हे काही औषध नव्हे. तो विचार आजच सोडा.

नोकरीचं थोडं सविस्तर, कारण 'कधी चालणार नाही' असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. आज अडचण आहे, हे खरं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. पुढे चारच महिन्यांत, जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की सैन्यात हे चालू देणार नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टची ४५ आणि ४६ ही कलमं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. 'अशोभनीय वर्तन' या शब्दांत काहीही बसवता येतं, आणि ४६ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या मुलालाही हे ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट बजावते. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते त्याचं आहे. कँटीनच्या रांगेत भेटणारा जुना दोस्त, माजी सैनिक संघटनेतले साहेब, गावातले पाहुणे, कोणाच्याही कानावर तुमच्याकडून ते जाता कामा नये.

पण 'कधी' हा शब्द मागे घ्या. ज्या ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेतून आपल्याला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम दिलं, त्यांच्याही फौजेत बंदी होती. माग काढून, तासन् तास चौकशी करून माणसं काढत. अशा काढून टाकलेल्या चौघांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, १९९९ मध्ये ते जिंकले, आणि १२ जानेवारी २०००ला बंदी उठली. पलटणी मोडतील, एका बॅरेकमध्ये कोणी राहणार नाही, असं तिथले मोठमोठे अधिकारी सांगत होते. काहीही मोडलं नाही. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्या जुन्या सैनिकांची माफी मागितली. अमेरिकेनं १९९३ च्या कायद्याखाली तेरा हजारांवर सैनिक घालवले आणि २०११ मध्ये तो कायदा संपवला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ कलमच नाही. तुमचा मुलगा कर्नल होईपर्यंत आपली फौज कुठे असेल, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू नका. नोकरी सोडायची की नाही, हे त्यानं तुम्हाला विचारलेलंच नाही.

तुम्ही करायचं ते एकच. या रविवारी त्याला फोन लावा, व्हॉट्सॲपवर लिहू नका, आणि तो किस्सा पुन्हा सांगा. या वेळी लोक जिथे हसायचे तिथे थांबू नका, त्याच्या पुढचं सांगा, जे तुम्ही ओसरीवर कधी सांगितलं नसेल. त्या शिपायाचं वय काय होतं. ट्रंक कोणी उचलली. वाटेत तो तुमच्याशी काही बोलला का, तुम्ही त्याला चहा पाजलात का. घरी काय सांगणार, असं त्यानं विचारलं का. गाडी सुटेपर्यंत तुम्ही फलाटावर थांबलात, की लगेच फिरलात.

आवाज भरून आला तर येऊ द्या, तो फोन ठेवणार नाही. तुमच्या चुकीचं स्पष्टीकरण द्यायची, 'आमच्या वेळी असंच होतं' म्हणायची घाई करू नका. सांगून झालं की गप्प राहा आणि त्याला बोलू द्या.

सुरुवात कशी करायची, असं वाटेल. तो शिपाई कुठल्या गाडीनं गेला, हे तुम्हाला आजही आठवत असणार. गाडीच्या नावापासून सुरू करा.